शिंगावर पाय

माझ्या अमेरिकेतल्या पहिल्या घराच्या भाडेकरारात एक कलम होतं. तसलं कलम मी पुढे कुठल्याच करारात पाहिलं नाही. नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत दुपारी तीन ते चार घरमालक वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खिडकीशी बसतील, आणि भाडेकरूने त्या खिडकीला पडदा लावू नये. मी नागपूरहून येऊन तीनच आठवडे झाले होते, पण शंका घ्यायला तेवढे पुरतात.

“काका, हे कशासाठी?” मी घरमालकांना विचारलं.

“उन्हासाठी गं. थंडीत सकाळी दहाला ऊन माझ्याकडं असतंय, दुपारी तीनला ते तुझ्याकडं जातंय. मग मला त्याच्या मागनं यायला लागतंय.”

मी मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, “यार, मला हे क्रीपी वाटतंय. कॅन्सल कर.” तिचं काही चूक नव्हतं. पण ते घर न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारापासून चालत दहा मिनिटांवर होतं, माझ्याकडे गाडी नव्हती, आणि नाकं मुरडायला दुसरं घर हाताशी नव्हतं. मी सही केली. काकांनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि ते माझ्या सहीवर वाकले.

“खालची रेघ आधी मारलीस आणि नाव मग लिहिलंस. उलटं करतीस.”

“पण तुम्ही तर खिडकीबाहेर बघत होतात.”

“नावाची शाई रेघेवरनं गेलीय. रेघ खाली हाय. खालचं आधीचं.”

त्या घरात मी सहा वर्षं राहिले. ‘खालचं आधीचं’ हे दोन शब्द तेवढ्या काळात मी किती वेळा ऐकले असतील, त्याला गणती नाही.

काका मूळचे हुपरीचे. त्यांच्या वडिलांचं चांदीच्या दागिन्यांसाठी ठसे कोरायचं काम होतं. काकांनी दहावीनंतर आयटीआय केलं आणि पुढे कसे कोण जाणे न्यू जर्सीत बटणं आणि पट्ट्यांची बकलं करणाऱ्या एका कारखान्यात ठसे बनवायला लागले. पस्तीस वर्षं त्यांनी तेच केलं. मी आले तेव्हा ते रिटायर झालेले होते, काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी क्युपर्टिनोला होती. उंची बेताची, डोक्याला बारा महिने कानटोपी, आणि गळ्यात बुटाच्या काळ्या नाडीत ओवलेलं भिंग. त्या भिंगातून ते सगळंच बघायचे. औषधाच्या पट्ट्या, माझी व्हिसाची कागदपत्रं, मेथीची पानं. मेथी बघताना तर ते इतके गंभीर व्हायचे, की ओक ट्री रोडवरचा भाजीवाला त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचा आणि जुडी हातात देताना “पेशंट आज बरा आहे” असं सांगायचा.

पण भिंग मुळात होतं ते नाण्यांसाठी. काकांना जुन्या ग्रीक नाण्यांचा नाद होता, आणि त्यातही सोन्याचांदीची, राजाचा मुखडा स्वच्छ दिसणारी नाणी त्यांना नकोच असायची. त्यांना हवी असायची काशाची, काळीहिरवी पडलेली, कुणालाही टाकून द्यावीशी वाटतील अशी. एका गावाला घाईने नाणी पाडायची असायची, लढाई तोंडावर आलेली असायची, नवं काही ओतायला सवड नसायची. मग ते दुसऱ्या गावाची नाणी घ्यायचे, तापवायचे आणि त्यांच्यावरच आपला ठसा मारायचे. ठसा नीट बसला तर जुनं चित्र पार मोडून जायचं. नाही बसला तर नव्या चित्राच्या आडून जुनं डोकावत राहायचं. देवीच्या गालातून माशाची शेपटी निघायची, गरुडाच्या पंखाखाली कुणाचा तरी कान असायचा. अशा नाण्याला काकांनी स्वतःचा शब्द ठेवला होता. दुबार. पाऊस दगा देतो तेव्हा दुबार पेरणी करतात, त्यातला दुबार.

“ग्रीक लई मोठी माणसं होती, असं सगळीकडं लिहितात,” ते म्हणायचे. “असतील की. पण त्यातला एक आळशी होता, एवढं मी सांगू शकतो. घट्ट मारायचं ते ह्यानं हळू मारलं. त्याच्या आळसावर माझं म्हातारपण मजेत चाललंय.”

ते नाण्याकडे कधी राजाच्या बाजूने बघायचेच नाहीत. हातोडा मारणाऱ्याच्या बाजूने बघायचे. हा डावखुरा असावा, ह्याचा ठसा चिरलेला होता तरी मालकाने बदलून दिला नाही, ह्याचं त्या दिवशी लक्ष नव्हतं. पुस्तकं त्यांच्याकडे होती, पण ती वाचताना ते दर पानाला चुकचुकायचे. “ह्या माणसानं आयुष्यात खिळा ठोकला न्हाई,” हा त्यांचा विद्वानांवरचा शेरा असायचा.

आणि हे सगळं बघायचं ते तिरप्या उन्हात. दिव्याखाली नाही. दिवा खोटं बोलतो, असं त्यांचं मत. म्हणून सकाळी दहाला खालच्या पूर्वेच्या खिडकीत आणि दुपारी तीनला माझ्याकडे. मी घरून काम करायची, त्यामुळे माझ्या मीटिंगमध्ये कॅमेऱ्यात माझ्यामागे कानटोपी घातलेला एक म्हातारा हातातली काहीतरी बारीक वस्तू उन्हात फिरवताना सगळ्या टीमला दिसायचा. पहिल्या हिवाळ्यात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या हिवाळ्यात माझा मॅनेजर मीटिंगच्या सुरुवातीला विचारायचा, “इज द सन देअर यट?” म्हणजे काका आले का. ज्या दिवशी ढग असायचे आणि काका यायचे नाहीत, त्या दिवशी टीम हिरमुसायची.

मला दुबार वाचायला त्यांनी कणकेवर शिकवलं. पोळ्यांसाठी मी कणीक मळून ठेवली की ते हळूच एक गोळा चपटा करायचे, त्यावर क्वार्टरचं नाणं दाबायचे, मग त्यावरच गाडीची किल्ली दाबायचे आणि मला बोलवायचे. “सांग. आधी काय?” सुरुवातीला मी हसून काहीतरी सांगायची. मग लक्षात आलं, की जी रेघ अखंड जाते ती वरची, नंतरची. जी दुसरीपाशी थांबते आणि पलीकडून परत सुरू होते ती खालची, आधीची. एवढंच शास्त्र. पण कणकेत ते सोपं असतं. दोन हजारांहून जास्त वर्षं मातीत पडलेल्या काशात ते दिसायला डोळा लागतो, आणि तो काकांकडे होता.

एकदा मला भरून आलं होतं. घरची आठवण येत होती, बाहेर बर्फ पडत होता. मी म्हटलं, “काका, आपणही असेच ना? खाली आपलं गाव, वर अमेरिकेचा ठसा.” मला वाटलं, काका गहिवरतील. त्यांनी भिंग खाली घेतलं.

“नाण्याला लाल होईस्तोवर तापवून हातोड्यानं हाणलंय. तू विमानात खिडकीची सीट मागून घेऊन आलीस. उगं काहीतरी बोलू नगंस.”

मला आधी राग आला आणि मग असं हसू आलं, की रडू राहूनच गेलं. आजही कुणी परदेशी राहण्यावर गळा काढायला लागलं की मला ती खिडकीची सीट आठवते.

काकांना चिडलेलं मी एकदाच पाहिलं. आमच्या गावच्या लायब्ररीच्या तळघरातल्या खोलीत महिन्यातून एका शनिवारी सकाळी नाण्यांचा क्लब भरायचा. आठ-दहा म्हातारे अमेरिकन आणि काका. काकांना सोडायला म्हणून मी जाऊ लागले आणि कॉफीसाठी थांबू लागले. एकदा एका गृहस्थांनी नाणं लिंबाच्या रसाने धुऊन चकचकीत करून आणलं. काका उठून उभे राहिले. “यू हॅव टेकन इट्स स्किन ऑफ,” ते म्हणाले, आणि पुढचे सहा महिने त्या माणसाशी बोलले नाहीत. नाण्यावर चढलेला तो हिरवा थर म्हणजे त्याचं वय, त्याची साक्ष. तो काढणं म्हणजे त्यांच्या लेखी साक्षीदाराचं तोंड बंद करणं होतं.

क्लबात एक बाई होत्या, हायस्कुलात लॅटिन शिकवून रिटायर झालेल्या, ऐंशीच्या घरातल्या, वॉकर घेऊन येणाऱ्या. त्यांचं आणि काकांचं एका नाण्यावरून अकरा वर्षं भांडण चाललं होतं. सिसिली बेटावरची दोन गावं. त्यांची नावं माझ्या जिभेला कधी वळली नाहीत, म्हणून मी त्यांना बैलवाले आणि घोडेवाले म्हणायची. एकांच्या नाण्यावर बैल, दुसऱ्यांच्या नाण्यावर घोडा. आधी नाणी कुणी पाडली, एवढाच प्रश्न. लॅटिनच्या बाई म्हणायच्या, घोडेवाल्यांनी, कारण बैलवाल्यांची अक्षरं नंतरच्या वळणाची आहेत. काका म्हणायचे, अक्षराला काय विचारता, मला विचारा. कारण त्यांच्याकडे एक दुबार होतं, ज्यावर बैलही होता आणि घोडाही. आणि त्यावर घोड्याचा पुढचा पाय बैलाच्या शिंगावरून गेला होता. शिंगावर पाय. म्हणजे बैल खाली, म्हणजे बैल आधी.

“शो मी द हॉर्न,” बाई दर महिन्याला म्हणायच्या. काका नाणं पुढे करायचे. बाई बघायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या, “आय सी अ लॉट ऑफ ग्रीन.” मग दोघं कॉफी घ्यायचे. काका त्यांची खुर्ची सरकवून द्यायचे.

शेवटी क्लबाने ठरवलं, की काकांनी हे सगळं लिहून द्यावं. क्लबाचं वर्षातून एकदा एक पातळसं पुस्तक निघायचं, त्यात छापू. आधी त्यांनी शनिवारी सभेत वाचायचं.  तिसऱ्या दिवशी काका वर आले.

“माझं नाव आजवर एकदाच छापून आलंय. लग्नपत्रिकेत. तेही चुकीचं.”

मग ते हुपरीच्या मराठीत सांगायचे आणि मी इंग्रजीत टाइप करायची. सप्टेंबरभर आमचं तेच चाललं होतं. चार पानं झाली. मोठं करून काढलेल्या फोटोत शिंगावर काढलेला बाण झाला. काकांनी ती चार पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाजवळ ठेवली. ते कधी कुणापुढे मान तुकवत नसत, पण आयटीआयचा माणूस पुस्तकवाल्यांच्या पंगतीत बसणार याचा त्यांना किती आनंद झाला होता, ते मला दिसत होतं. वाचनाचा शनिवार दिवाळीच्या आठवड्यात आला.

आणि दिवाळीला माझी आई आलेली होती.

आई नागपूरच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेली. तिचं आणि काकांचं पहिल्याच दिवशी जमलं. ती त्यांना भाऊ म्हणायची, ते तिला ताई. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आईच्या लक्षात आलं, की पूजेचं चांदीचं नाणं नागपुरातच राहिलं.

“राहिलं नं बाप्पा घरीच,” ती काकांना जिन्यावरून म्हणाली. “आता लक्ष्मीपुढे काय ठेवू, डॉलर?”

“ताई, माझ्या घरात उभं राहून नाणं न्हाई म्हणता?” काका म्हणाले. ते खाली गेले आणि कापूस घातलेल्या वाटीत एक नाणं घेऊन आले. तेच. बैल-घोड्याचं. “माझी लक्ष्मी हीच. हिलाच पूजा.” आणि ते झेंडूची फुलं आणि लाह्या-बत्तासे आणायला ओक ट्री रोडला गेले, तिथून परस्पर एका मित्राकडे फराळाला.

मी दिवसभर मीटिंगमध्ये होते. घरात चिंचेचा वास येत होता. मला वाटलं, आई चिंचेचं सार करते आहे. चारच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले, तर आई सिंकशी उभी राहून जुन्या टूथब्रशने काहीतरी खसाखसा घासत होती.

“आई, काय करून राहिली तू?”

“घासून राहिली. किती शेवाळलं होतं पाह्य नं! सकाळपासून चिंच-मिठात टाकलं तरी निघेना. आता पाह्य, कसं तांब्यासारखं झालं. असं हिरवं नाणं देवापुढे ठेवायचं का?”

तिच्या ओल्या तळहातावर नाणं लाल चमकत होतं. सिंकमध्ये हिरवं पाणी होतं.  आयुष्यभर ज्या घरात दिवाळीआधी समई, ताम्हन, निरांजन, सगळं चिंचेने घासून लख्ख व्हायचं, त्या घरातली ती बाई. तिने प्रेमाने आणि भक्तीने काकांच्या लक्ष्मीची कातडी सोलली होती.

काका संध्याकाळी आले. झेंडूची पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली आणि ताटातल्या नाण्याकडे बघितलं.  त्यांनी नाणं तळहातावर घेतलं, पण भिंगाला हात लावला नाही.

“लख्ख केलंत, ताई,” ते म्हणाले.

त्यांनी नाणं परत ताटात ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, आरतीला टाळ्या वाजवल्या. जेवले मात्र अर्धंच. ते नाणं घेऊन खाली गेल्यावर मी आईला सांगितलं, तिने काय केलं ते. आई खुर्चीत बसली ती उठेचना. “काहून नाही सांगितलं मला? काहून नाही सांगितलं?” एवढंच म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी खाली गेले. काका पूर्वेच्या खिडकीत बसले होते. भिंग डोळ्याला होतं आणि नाणं उन्हात. मी माफी मागायची वाक्यं मनात जुळवून आले होते, पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

“ये. बघ. काय दिसतंय?”

मी बघितलं. हिरवा थर गेल्यावर सगळं उघडं पडलं होतं.

“शिंग दिसतंय.”

“आणि पाय?”

“पाय...” मी थांबले. “पाय शिंगापाशी थांबतो. आणि पलीकडून परत सुरू होतो.”

“मग खाली कोण?”

मी नाणं उन्हात परत फिरवलं.

“बोल की. कणकेत तर पटकन सांगायचीस.”

“पाय खाली आहे, काका.”

“मग आधी कोण?”

“घोडा.”

काकांनी मान हलवली. पायाच्या कडेने हिरवा थर जाड साठला होता, तो शिंगावर चढला होता, त्यामुळे पाय वरून गेल्यासारखा दिसत होता. त्यांनी पाय म्हणून बघितला तो थर होता. लॅटिनच्या बाई दर महिन्याला तेच सांगत होत्या.

“अकरा वर्षं गं,” ते म्हणाले. ज्या डोळ्यावर ते जगत होते, त्या डोळ्यानेच त्यांना फसवलं होतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्याच्या भरात मी जे बोलले त्याची आज मला लाज वाटते.

“काका, आपल्याकडे जुना फोटो आहे ना. चार पानं तयार आहेत. शनिवारी तोच फोटो दाखवू. नाणं मागितलंच कुणी, तर सांगू की आईने घासून खराब केलं. ते तर खरंच आहे.”

काकांनी माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त थकलेले दिसले.

“फोटो जुना हाय,” ते म्हणाले. “मी बघितलंय ते आजचं हाय.”

आई दोन दिवस खाली उतरली नाही. काकांसमोर कसं जायचं, हेच तिला कळत नव्हतं. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. काका अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, कानटोपीसकट उभे होते.

“ताई, भाऊ म्हणता की न्हाई? मग ओवाळा.”

पाट कुठून आणायचा? ते माझ्या योगाच्या ठोकळ्यावर मांडी घालून बसले. आईने ओवाळलं. काकांनी खिशातून ओवाळणी काढून तबकात ठेवली. ओक ट्री रोडवरून आणलेलं चिंचेचं नवंकोरं पाकीट, लाल रिबीन बांधलेलं. आई आधी रडली आणि मग इतकी हसली की निरांजन विझलं.

शनिवारी आम्ही तिघं क्लबात गेलो. आई काठापदराची साडी आणि माझे स्पोर्ट्स शूज घालून पहिल्या रांगेत बसली. काका उभे राहिले. त्यांनी चार पानं वाचली, सगळी, शिंगावर बाण काढलेल्या फोटोसकट.  मला वाटलं, त्यांनी माझं ऐकलं की काय. शेवटचं पान खाली ठेवून ते म्हणाले, “दॅट इज व्हॉट आय सेड फॉर इलेव्हन इयर्स. नाउ प्लीज लुक.” आणि नाणं लॅटिनच्या बाईंच्या हातात दिलं.

सगळ्यांच्या माना पुढे आल्या. घासलेलं नाणं, आणि तेही ह्यांच्या हातचं! लिंबूवाले गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले. बाईंनी भिंग लावलं आणि खूप वेळ बघितलं. त्या जिंकल्या होत्या, पण त्यांच्या तोंडावर जिंकल्याचं काहीच नव्हतं.

“हू क्लीन्ड इट?” त्यांनी विचारलं.

“माय सिस्टर,” काका म्हणाले. “विथ टॅमरिंड.”

बाई आईकडे वळल्या आणि म्हणाल्या, अकरा वर्षं मी खरं ठरायची वाट बघितली, आणि आता ठरले तर दर महिन्याला भांडायचं कशावर, तेच कळत नाही. मी आईला ते मराठीत सांगितलं. आई म्हणाली, “तिला सांग, मीठ थोडं जास्त झालं होतं.” मी तेही सांगितलं. बाई एवढ्या मोठ्याने हसतील असं कुणाला वाटलं नव्हतं. जाताना काका लिंबूवाल्या गृहस्थांपाशी थांबले आणि त्यांनी त्यांचा हात हातात घेतला. दोघं काय बोलले ते मला कळलं नाही.

छापायची वेळ आली तेव्हा मी ती पानं नव्याने लिहून दिली. माझ्या ऑफिसात चूक कबूल करायची एक पद्धत असते, त्या पद्धतीने मी लिहिलं की नव्या निरीक्षणांच्या आधारे पूर्वीच्या मताचा फेरविचार करणं योग्य ठरेल. काकांनी भिंगातून वाचलं.

“ह्यात चुकलं कोण?”

“तसं थेट लिहीत नाहीत, काका.”

“आणि माझी जुनी चार पानं कुठं गेली?”

“ती आता चुकीची आहेत ना!”

“म्हणून पुसायची? खालचं दिसलं पाहिजे गं. न्हाई तर वरच्याला अर्थ काय?”

ती जुनी पानं त्यांनी तशीच छापायला लावली. एक शब्द बदलू दिला नाही. संपादक म्हणाले, मग दुरुस्तीला जागा उरत नाही. काका म्हणाले, मला तीन ओळी पुरतात. चार पानांच्या युक्तिवादाखाली त्या तीन ओळी आहेत. लेखक चुकला. शिंग पायावरून गेले आहे. नाणे चिंचेने घासणाऱ्या नागपूरच्या बाईंचा लेखक आभारी आहे. खाली काकांचं नाव, या वेळी बरोबर छापलेलं. आईचंही.

मी पुढे नोकरीसाठी टेक्ससला, फ्रिस्कोला आले. काका तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, “बाबा सेड नो म्यूझियम. कॉइन्स शुड मूव्ह, ही सेड.” म्हणून नाणी लिलावाला गेली. मी लिलावाच्या साइटवर एकेक बघत होते. देवीच्या गालातली शेपटी, पंखाखालचा कान. आणि मग ते आलं. स्क्रीनवरही लाल दिसत होतं. खाली वर्णन होतं. घोडेवाल्या गावाच्या नाण्यावर बैलवाल्या गावाचा ठसा. क्रमाबद्दल आता शंका नाही. कुणी वाद घातला होता, कुणी हरलं होतं, याचा कुठे उल्लेख नव्हता. शेवटी दोनच शब्द. ‘हार्शली क्लीन्ड.’ म्हणजे निर्दयपणे घासलेलं.

मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. तो माणूस मला परत एकदा भेटावा, असं त्या क्षणी इतकं वाटलं, की मी उठून पश्चिमेच्या खिडकीचा पडदा बाजूला केला. तीन वाजायला आले होते. ऊन मावळेपर्यंत मी तिथेच बसले आणि मग नागपूरला फोन लावला. तिकडे पहाट होत होती, आणि आई लवकर उठते.

“आई, काकांचं नाणं विकायला आलंय. त्याच्याखाली लिहिलंय, कुणीतरी निर्दयपणे घासलं म्हणून.”



“निर्दयपणे काहून?” आई म्हणाली. “भावाचं होतं ते. देवापुढे ठेवायचं होतं.”